तेल-वायू उद्योगात बायोमास जोडताना या चुका टाळा

बडोद्याजवळ कोयली येथे १९६५ साली सोव्हिएत साहाय्याने सुरू झालेल्या गुजरात रिफायनरीची क्षमता वर्षाला सुमारे १ कोटी ३७ लाख टन क्रूडची आहे. तिच्या आसपास खत, पेट्रोरसायने आणि वायूवितरण यांचा मोठा पसारा आहे. त्याच जिल्ह्यात पादरा, करजण, डभोई या बाजूला कपाशी, तूर आणि केळीची शेती आहे, तर मही नदीपलीकडे चरोतरात, म्हणजे आणंद-खेडा भागात, दुभत्या जनावरांची कमतरता नाही. तेलाचा कारखाना आणि शेतातला काडीकचरा इतक्या जवळ असलेली शहरे देशात थोडीच असतील. त्यामुळे बायोमासला तेल-वायू उद्योगाशी जोडण्याचा प्रयोग बडोद्यात नीट झाला, तर त्याचा उपयोग इतरांनाही होईल.

ही जोडणी आता केवळ हौसेची राहिलेली नाही. शहरी वायूवितरणात कॉम्प्रेस्ड बायोगॅस मिसळण्याचे बंधन केंद्र सरकारने घातले असून २०२५-२६ मध्ये १ टक्का, पुढे ३ व ४ टक्के आणि २०२८-२९ पासून ५ टक्के असा त्याचा चढता क्रम आहे. आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनातही २०२७ पासून १ टक्का आणि २०२८ पासून २ टक्के शाश्वत विमान इंधनाचे उद्दिष्ट ठरले आहे. उद्दिष्टे ठरली की यंत्रे घाईने उभी राहतात, आणि घाईत त्याच त्या चुका पुन्हा होतात.

या चुकांचे मूळ बहुधा यंत्रात नसते. कोणतीही रिफायनरी क्रूडचा तपशीलवार अहवाल, म्हणजे त्याची घनता, गंधक, आम्लता आणि क्षार पाहिल्याशिवाय ते घेत नाही. त्याच शिस्तीच्या कारखान्यात ब्रिकेटचा, म्हणजे काडीकचरा दाबून केलेल्या ठोकळ्यांचा, ट्रक मात्र वजनकाट्याच्या पावतीवर आत येतो. बायोमास हा क्रूडपेक्षाही अधिक बदलता माल आहे, हे मनापासून मान्य केल्याशिवाय पुढचा कोणताही उपाय टिकत नाही.

वजन पाहून माल घेणे

बायोमासचा व्यवहार बहुतेक ठिकाणी टनावर होतो, आणि टनात पाणीही मोजले जाते. कोरड्या स्थितीत किलोमागे ४,००० किलोकॅलरी देणारा माल १० टक्के ओलाव्याने आला, तर पाणी उडवण्यात जाणारी उष्णता वजा करून किलोमागे साधारण ३,५४० किलोकॅलरी हाती येतात. तोच माल २५ टक्के ओलाव्याने आला, तर २,८५० च्या आसपास उरतात. पैसे तेवढेच द्यावे लागतात आणि उष्णता सुमारे एकपंचमांश कमी मिळते. बॉयलरवर याची लक्षणे ओळखू येतात: वाफेचा दाब टिकत नाही, धूर काळवंडतो आणि चिमणीतील कार्बन मोनॉक्साइड वाढतो. अशा वेळी ऑपरेटर हवा वाढवतो; त्याने ओली भट्टी आणखी थंड होते आणि दोष बॉयलरवर येतो. अशा तक्रारीत पहिली तपासणी इंधनाच्या ओलाव्याची व्हावी, हवेच्या झडपांची नंतर.

पावसाळ्यात ब्रिकेट हातात घेऊन पाहण्यासारखी असते. चांगली ब्रिकेट मोडताना कट्‌कन आवाज करते आणि तिची बाहेरची त्वचा गुळगुळीत, काळसर तपकिरी दिसते. दमट हवेत पडून राहिलेली ब्रिकेट मात्र बोटाने दाबताच पापुद्र्यांनी सुटते आणि ट्रकच्या तळाशी तिचा भुगा साचतो. हा भुगा शेगडीवर टिकत नाही; हवेबरोबर वर उडून अर्धवट जळतो आणि पुढे धूर गाळणाऱ्या पिशव्यांपर्यंत निखारे नेतो. म्हणून नमुना ट्रकच्या वरच्या थरातून न घेता माल उतरताना सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी असा तीनदा घ्यावा. तो १०५ अंश सेल्सिअसला सुकवून ओलावा काढावा आणि ओलाव्याप्रमाणे दर कमी करण्याचे कोष्टक करारातच लिहावे. पुरवठादाराला हे आधी माहीत असेल, तर तो ताडपत्री बांधूनच ट्रक पाठवतो.

राखेचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची काडी, शेतातून मुळासकट उपटली जाते आणि मुळांबरोबर काळी मातीही येते. ती झटकली गेली नाही, तर प्रयोगशाळेतल्या स्वच्छ नमुन्यावरून धरलेली राख आणि प्रत्यक्षातली राख यांचा मेळ बसत नाही. त्यातही किती राख यापेक्षा कोणती राख हे अधिक महत्त्वाचे आहे. शेतातल्या काड्यांत पोटॅशियम आणि क्लोरीन लाकडापेक्षा बरेच जास्त असते. पोटॅशियम सिलिकाशी मिळून ७०० ते ८०० अंशांच्या सुमारास मऊ पडणारी काचेसारखी राख तयार करते. ती शेगडीवर खंगराच्या रूपाने जमते, वाळूचा तरंगता थर असलेल्या बॉयलरमध्ये वाळूचे कण एकमेकांना चिकटवते आणि सुपरहीटरच्या, म्हणजे वाफ आणखी तापवणाऱ्या भागाच्या, नळ्यांवर राखाडी लेप चढवते. त्या लेपाखाली क्लोरीन शांतपणे धातू खात राहते, आणि नळीचे तापमान ४५० ते ५०० अंशांच्या पुढे गेले की हा वेग फार वाढतो.

नळी फुटल्यावर तीच जाडी, तोच धातू वापरून ती बदलणे आणि पुन्हा तेच इंधन टाकणे हा उपाय नव्हे. इंधनाचे पोटॅशियम, क्लोरीन आणि राख मऊ पडण्याचे तापमान तपासावे. काड्यांबरोबर लाकडी माल मिसळावा, वाळू वेळच्या वेळी बदलावी आणि वाफेचे तापमान नव्या इंधनाला सोसेल एवढेच ठेवावे. नळीवरचा लेप खरवडून तपासणीला पाठवणे हे फार स्वस्त निदान आहे, आणि ते सर्वांत कमी ठिकाणी केले जाते.

तीन महिन्यांच्या मालावर वर्ष काढणे

कापसाची शेवटची वेचणी झाली की शेत मोकळे करण्याची घाई असते. पऱ्हाटी साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात मिळते, आणि त्यानंतर ती एक तर चुलीत गेलेली असते किंवा बांधावर जाळलेली असते. कारखान्याला मात्र वाफ बाराही महिने लागते. ‘जिल्ह्यात इतके हेक्टर, हेक्टरी इतके टन’ असा गुणाकार करून प्रकल्प अहवाल लिहिणे ही म्हणूनच मोठी चूक आहे. शेतकरी काड्यांचे आधीच काय करतो, बैलगाडीवाल्याला किंवा ट्रॅक्टरवाल्याला फेरी परवडते का आणि गोळा करायला त्या आठवड्यात माणसे मिळतात का, हे विचारल्याशिवाय तो गुणाकार कागदावरच राहतो.

सुट्ट्या काड्यांचे वजन घनमीटरला १०० किलोच्या आतबाहेर भरते, तर ब्रिकेटचे किंवा पेलेटचे (दाबून केलेल्या बारीक गोळ्यांचे) ६०० किलोच्या पुढे. सुट्ट्या काड्या लांबून आणणे म्हणजे ट्रकभर हवा वाहून आणणे होय. कुट्टी करणे, सुकवणे आणि दाबणे हे काम तालुक्याच्या पातळीवर व्हावे आणि कारखान्यात तयार माल यावा, हेच शहाणपणाचे.

साठवणीत तापण्याचा धोका असतो. ओल्या काड्यांच्या ढिगात जिवाणू काम करू लागतात, आतले तापमान चढते आणि पुढे रासायनिक क्रियेने ढीग स्वतःहून पेट घेऊ शकतो. लांब दांडीचा तापमापक ढिगात खुपसून रोज नोंद ठेवावी. तापमान ६० अंशांकडे सरकू लागले, तर पाण्याचा पाइप हाताशी ठेवूनच ढीग मोकळा करावा, कारण गरम ढिगात अचानक हवा शिरली की तो भडकतो. बंद सायलोतल्या (उंच कोठीतल्या) पेलेटवर मात्र पाणी मारू नये. ते फुगून भिंतींवर दाब आणतात. तेथे नायट्रोजन सोडण्याची सोय आधीपासून हवी. पेलेट साठवताना कार्बन मोनॉक्साइड सुटतो आणि प्राणवायू कमी होतो, म्हणून वायूमापकाशिवाय कोणालाही आत उतरू देऊ नये. रिफायनरीत बंद टाकीत शिरण्याच्या परवान्याची जी शिस्त आहे, तीच येथे लागू करावी.

जागेबद्दल एवढेच सांगतो की बडोद्यात उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारा प्रामुख्याने नैर्ऋत्येकडून वाहतो. त्यामुळे ब्रिकेटची वखार आणि बॉयलरची चिमणी टाकीक्षेत्राच्या नैर्ऋत्येला ठेवल्यास ठिणगी आणि धूळ थेट टाक्यांकडे जाईल. तेल उद्योगाच्या सुरक्षेसाठीच्या ओआयएसडी-११८ या मानकातील अंतरे पाळलीच पाहिजेत, पण ती पाळली म्हणून वाऱ्याचा विचार सुटत नाही.

चढउताराचे काम बायोमासवर टाकणे

रिफायनरीतील वाफेची मागणी तासागणिक बदलू शकते. नैसर्गिक वायूचा बॉयलर काही मिनिटांत भार बदलतो. शेगडीवरचा घन इंधनाचा बॉयलर तसे करू शकत नाही. म्हणून वाफेचा पायाभूत भार बायोमासला द्यावा आणि चढउतार वायूवर ठेवावा. क्रूड तापवणाऱ्या भट्ट्यांत थेट घन बायोमास घालण्याच्या कल्पना मात्र सोडून द्याव्यात.

हवा, वास आणि उष्मांक

बायोगॅस तयार करणारा आणि तो विकत घेणारा वायू उद्योग यांच्यात सर्वांत जास्त गैरसमज होतात, म्हणून येथे थोडे थांबतो.

कच्च्या बायोगॅसमध्ये साधारण ५५ ते ६० टक्के मिथेन असतो आणि बाकी बहुतांश कार्बन डायऑक्साइड. आयएस १६०८७ या भारतीय मानकानुसार विक्रीयोग्य वायूत किमान ९० टक्के मिथेन हवा आणि प्राणवायू ०.५ टक्क्याच्या आत हवा. हायड्रोजन सल्फाइड कमी करण्यासाठी डायजेस्टरच्या, म्हणजे शेण-कचरा कुजवणाऱ्या बंद टाकीच्या, वरच्या मोकळ्या भागात थोडी हवा सोडण्याची जुनी, स्वस्त पद्धत आहे. वायू जागेवरच इंजिनात जाळायचा असेल, तर ती ठीक आहे. पण तोच वायू शुद्ध करून नळात सोडायचा असेल, तर ही पद्धत प्रकल्पाच्या मुळावर येते. हवेबरोबर आलेला नायट्रोजन पाण्याने धुऊन जात नाही, आणि पडद्याच्या किंवा दाबाधारित शुद्धीकरणातही तो सहज वेगळा होत नाही. मग मिथेन ८८-८९ टक्क्यांवर अडकतो, आणि प्रकल्पचालक महिनोन्‌महिने शुद्धीकरण यंत्राच्या पुरवठादाराशी भांडत राहतो. अशा वेळी वायूतील नायट्रोजन आणि प्राणवायू मोजावेत. हवेत त्यांचे जे प्रमाण असते, त्याच्या जवळपास ते आढळले, किंवा प्राणवायू जिवाणूंनी खाल्ल्यामुळे नायट्रोजनच जास्त दिसला, तर कारण हवाच. सल्फाइडसाठी डायजेस्टरमध्ये लोहाचे क्षार घालावेत आणि पुढे कोरड्या माध्यमाचा थर ठेवावा.

दुसरी चूक उष्मांकाची. आयात केलेल्या नैसर्गिक वायूत मिथेनबरोबर इथेन, प्रोपेन असतात. बायोगॅसमध्ये ते नसतात. शुद्ध मिथेनचा उष्मांक घनमीटरला साधारण ९,००० किलोकॅलरी धरला, तर ९२ टक्के मिथेनचा वायू ८,३०० च्या आसपास देतो, तर नळातला वायू बरेचदा ९,००० च्या वर असतो. घनमीटरवर व्यवहार केला, तर घेणाऱ्याचे नुकसान होते. ज्या कारखान्याच्या भट्टीत ज्योतीचे तापमान काटेकोर लागते, त्याला तर हा फरक मालाच्या दर्जात दिसतो. व्यवहार ऊर्जेवर करावा आणि मिसळण्याच्या ठिकाणी वायूचे पृथक्करण सतत करणारे यंत्र बसवावे.

तिसरी गोष्ट साधी पण जिवाशी संबंधित आहे. शुद्ध केलेल्या बायोगॅसला जवळपास वास उरत नाही. आपण सगळे घरगुती वायूची गळती मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनच्या वासावरून ओळखतो. बडोद्याच्या रावपुऱ्यात किंवा दांडिया बाजारात जुन्या वाड्यांच्या चिंचोळ्या जिन्यांवरून हे नळ वर गेले आहेत, आणि तेथे वास हेच पहिले सावधतेचे साधन आहे. बायोगॅस जाळ्यात जेथे शिरतो, तेथे वासद्रव्य मिसळण्याची जबाबदारी कोणाची, हे करारात लिहिलेले हवे.

डायजेस्टरच बिघडला, तर सामू पाहून निर्णय घेऊ नये. सामू घसरतो तोवर आतली आम्ले बरीच साचलेली असतात. आम्ल आणि क्षारता यांचे गुणोत्तर आठवड्यातून दोन-तीनदा काढावे, ते ०.४ च्या पुढे चढू लागले की खाद्य कमी करावे आणि गेल्या पंधरवड्यात कोणता नवा माल घातला ते तपासावे. घाईने चुना ओतल्यास तळाशी गाळ बसतो आणि मूळ कारण तसेच राहते. शेणावर चालणाऱ्या टाकीत एकदम हॉटेलचा तेलकट कचरा किंवा साखर कारखान्याची मळी घालणे हे अशा बिघाडाचे नेहमीचे कारण आहे. इंदूरमध्ये फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेला दिवसाला ५५० टन ओल्या कचऱ्याचा प्रकल्प उभा राहू शकला, त्यामागे घराघरांतून वेगळा करून येणारा कचरा हे मोठे बळ आहे. तेथेही पाया मालाच्या दर्जाचाच आहे.

खाद्यतेल डिझेलच्या युनिटमध्ये ‘थोडेसे’ घालून पाहणे

वापरलेले खाद्यतेल किंवा वनस्पतितेल अस्तित्वात असलेल्या डिझेल हायड्रोट्रीटरमध्ये (हायड्रोजनने गंधक काढणाऱ्या युनिटमध्ये) पाच टक्के मिसळणे सोपे वाटते. पण त्या तेलात वजनाने १० ते ११ टक्के प्राणवायू असतो, आणि तो काढायला दर घनमीटर तेलामागे साधारण ३०० ते ४०० घनमीटर हायड्रोजन लागतो. डिझेलमधील गंधक काढण्यापेक्षा हे कित्येक पटींनी जास्त आहे. ही क्रिया उष्णताही पुष्कळ देते, त्यामुळे उत्प्रेरकाच्या पहिल्या थराचे तापमान एकदम चढते. तेलातील फॉस्फरस आणि धातू त्याच थरावर बसतात आणि दाबातील फरक वाढू लागतो. म्हणून तेल आधी स्वच्छ करून घ्यावे, टाकीवर नायट्रोजनचे आवरण ठेवावे, वर रक्षक थर घालावा, आणि हे तेल भट्टीतून न नेता शक्यतो तिच्यापुढे मिसळावे, कारण त्यातली मुक्त मेदाम्ले गरम नळ्या खातात.

एक लक्षण विशेष फसवे आहे. मिश्रण सुरू केल्यावर डिझेलमधील गंधक वाढते आणि कोणीतरी रिअॅक्टरचे तापमान वाढवते. काही दिवस बरे चालते, मग उत्प्रेरकाचे आयुष्य भराभर संपते. खरे कारण बरेचदा फिरत्या वायूत साचलेला कार्बन मोनॉक्साइड असतो. तो प्राणवायू काढण्याच्या क्रियेत तयार होतो, गंधक धुणाऱ्या अमाइनमध्ये विरघळत नाही आणि उत्प्रेरकाच्या जागा अडवतो. फिरत्या वायूचे पृथक्करण पाहावे आणि थोडा वायू सतत बाहेर काढावा. थंड भागात पाणी आणि कार्बन डायऑक्साइड मिळून कार्बोनिक आम्ल तयार होते. तेथल्या साध्या पोलादाची जाडी नेहमीपेक्षा जास्त वेळा मोजावी.

तयार झालेल्या सरळ साखळीच्या पॅराफिनमुळे डिझेल थंडीत लवकर गढूळ होते. अठरा कार्बनचे असे पॅराफिन सुमारे २८ अंशांवरच वितळते. बडोद्याच्या हिवाळ्यात ही अडचण कदाचित लक्षात येणार नाही, पण तेच डिझेल उत्तरेकडे गेल्यावर गाळण्या तुंबतील. साखळी वाकवणाऱ्या उत्प्रेरकाचा थर नसेल, तर मिश्रणाचे प्रमाण हिवाळ्यात कमी ठेवावे.

काड्या तापवून काढलेले पायरोलिसिस तेल हे याहून निराळे प्रकरण आहे. त्यात १५ ते ३० टक्के पाणी असते, सामू २ ते ३ असतो, ते साठवणीत घट्ट होत जाते आणि खनिज तेलात मिसळत नाही. ते रिफायनरीच्या साध्या पोलादी टाकीत कधीही ठेवू नये.

राख आणि स्लरी

शंभर टन ताज्या शेणातून साधारण ४,००० घनमीटर बायोगॅस मिळतो आणि त्याचे वजन पाच टनांच्या आत भरते. उरलेली ९५ टन स्लरी दुसऱ्या दिवशी दारात उभी असते. वायूच्या विक्रीचा करार होतो, पण स्लरीचा मात्र विचारही होत नाही. मग पहिल्याच पावसाळ्यात तळे भरते, शेजारची विहीर खराब होते आणि गावाचा विश्वास जातो. सरकारने २०२३ मध्ये अशा खतासाठी टनाला १,५०० रुपयांचे साहाय्य जाहीर केले आहे, पण ते मिळायला खताचा दर्जा सिद्ध करावा लागतो. शेतकऱ्याशी स्लरीचा व्यवहार शेण घेण्याच्या करारातच जोडावा, म्हणजे शेण आणणारी गाडी परत जाताना रिकामी जात नाही. बॉयलरच्या राखेत पोटॅशियम असल्याने ती शेतात उपयोगी पडू शकते, मात्र धातूंची तपासणी झाल्याशिवाय देऊ नये.

कार्बनच्या वहीतली चूक

पाच टक्के जैविक तेल घातले म्हणून डिझेल पाच टक्के जैविक झाले, असे होत नाही. त्यातला काही कार्बन प्रोपेनमध्ये जातो, काही कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो आणि प्राणवायू पाणी होतो. प्रत्यक्ष वाटा कार्बन-१४ च्या चाचणीनेच ठरवावा. लागलेला हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून आलेला असेल, तर वर सांगितलेल्या वापरात दर घनमीटर तेलामागे सुमारे ३०० किलो कार्बन डायऑक्साइड होतो, आणि तो फायद्यातून वजा झाला पाहिजे. ही वजाबाकी करूनही मोठा फायदा उरतो, त्यामुळे ती लपवण्याचे काहीच कारण नाही.

मिथेनच्या गळतीत मात्र फायदा सगळाच बुडू शकतो. एक किलो सीएनजी जाळल्यावर २.७५ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. तेवढाच बायोगॅसमधला मिथेन न जळता हवेत गेला, तर शंभर वर्षांच्या हिशोबाने तो सुमारे २७ किलो कार्बन डायऑक्साइडइतका तापवतो. म्हणजे एका किलोच्या गळतीने दहा किलोंची बचत गमावली जाते. गळतीच्या जागाही ठरलेल्या आहेत: डायजेस्टरच्या घुमटाची कड, जास्त दाबाला उघडणारी झडप, उघडी स्लरी टाकी, शुद्धीकरणातून बाहेर पडणारा वायू आणि जादा वायू जाळणारी, पण विझलेली मशाल. रिफायनरीकडे हायड्रोकार्बनची गळती दाखवणारे अवरक्त कॅमेरे आणि ते चालवणारी प्रशिक्षित माणसे असतात. त्यांच्या तपासणीच्या वेळापत्रकात करारबद्ध बायोगॅस प्रकल्पांची नावे घालावीत, स्लरीच्या टाकीवर वायू धरणारे आवरण असल्याशिवाय खरेदीचा करार करू नये आणि मशालीला आपोआप पेटणारा प्रज्वलक बसवून त्याची चाचणी दर आठवड्याला नोंदवहीत लिहावी.